हुलीची कैफियत

मराठीत थाप आणि हूल असे दोन शब्द आहेत आणि त्यांतले अंतर गल्लीतल्या पोरालाही कळते. थाप मारणारा ऐकणाऱ्याचा विश्वास आधी संपादन करतो आणि मग तो मोडून खातो. हूल देणाऱ्याला विश्वासाची गरजच नसते. हुतुतूच्या पाटीवर चढाईला आलेला गडी डावीकडे झुकतो तेव्हा तो उजवीकडे वळेल ही शंका समोरच्या प्रत्येकाला असते. त्यांनी शंका घ्यावी असा त्या खेळाचा नियमच आहे. म्हणून हूल खाल्लेला गडी धूळ झटकून बाहेर जातो, ‘मला फसवले हो’ म्हणून पंचाकडे रडत जात नाही. आणि गेलाच, तर लोक त्यालाच हसतात.

इतकी स्वच्छ समज असलेली आपली माणसे पत्त्यांचा विषय निघाला की एकाएकी भोळी होतात. पत्त्यांत हूल दिली की ती त्यांना थाप वाटते, लबाडी वाटते, पोरे बिघडण्याची पहिली पायरी वाटते. माझ्या ओळखीच्या एका शाळेत मधल्या सुट्टीत मुले एक पत्त्यांचा खेळ खेळत. पैशांचा संबंध नाही. पाने मुलांनीच साध्या कागदावर छापून कातरलेली. एका पालकाची चिठ्ठी आली की आपल्या पाल्यास शाळेत खोटे बोलण्याचे शिक्षण मिळत आहे. संबंधितांनी खेळ काय आहे हे विचारण्याची तसदी न घेता पाने कपाटात टाकली. ती आजही तिथेच असावीत. त्या चिठ्ठीला उत्तर कोणी दिले नाही, म्हणून ते मी येथे देतो. मात्र चिठ्ठी लिहिणाऱ्यावर माझा राग थोडा आहे. खरा राग आहे तो स्वतःला खेळातले जाणकार म्हणवणाऱ्यांवर; कारण हूल म्हणजे चेहरा कोरा ठेवून केलेले नाटक, ही समजूत त्यांनीच पसरवली आहे. एकदा हे नाटक ठरले, की पालकांना ते खोटे वाटले तर त्यांचे काय चुकले?

ह्या गोंधळाला न्यायालयाचाही हातभार लागलेला आहे. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते पान धरावे व कोणते टाकावे हे कळावे लागते, असे त्याचे कारण दिले. हे रास्तच आहे. पण त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला, म्हणजे फ्लश, ब्रॅग वगैरेंना, निव्वळ नशिबाचा खेळ म्हटले आहे. न्यायासनाविषयी पूर्ण आदर ठेवून मी विचारतो : तीन पानांत काय येते हे नशीब असेल, पण हातात काही नसताना चाल कधी वाढवावी आणि असताना कधी गप्प बसावे, हेही नशीबच काय? पैशाने हा खेळ खेळून संसार धुळीला मिळालेले मी पाहिले आहेत. 2025 साली केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्याबद्दलही मला अश्रू ढाळायचे नाहीत. पण जुगार वाईट म्हणून हूल वाईट, हे तर्कशास्त्र म्हणजे दारूच्या बाटलीवरचा राग काचेवर काढण्यापैकी आहे.

आता त्या कपाटातल्या खेळाविषयी. त्याचे नाव नेटरनर. रिचर्ड गारफील्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने 1993 साली ‘मॅजिक’ नावाचा पत्त्यांचा खेळ काढला आणि एक नवीच रीत पाडली : बावन्न पानांचा एकच ठरलेला कॅट दोघांनी वापरण्याऐवजी प्रत्येकाने शेकडो पानांतून निवड करून आपापला कॅट घरून बांधून आणायचा. तीन वर्षांनी, 1996 साली, त्याच गृहस्थाने नेटरनर रचला. तो काही वर्षांत मागे पडला, 2012 साली दुसऱ्या प्रकाशकाकडून नव्या रूपात आला, 2018 साली तेही बंद झाले. पुढे खेळणाऱ्यांनीच संस्था काढली. नल सिग्नल गेम्स हे तिचे आजचे नाव. ही संस्था नवी पाने काढते आणि ज्याला हवी त्याने ती घरी फुकट छापून घ्यावीत म्हणून उपलब्धही करून देते. आमच्याकडच्या मुलांपर्यंत हा खेळ पोचला तो असा. आठ आण्यांच्या कॅटवर मेंढीकोट खेळून वाढलेल्या माझ्यासारख्याला ह्या औदार्याचे अप्रूप वाटल्यावाचून राहिले नाही.

खेळाची मांडणी विषम आहे. एका बाजूला बलाढ्य कंपनी, दुसऱ्या बाजूला तिच्या यंत्रणेत शिरणारा एकटा रनर. रनरची पाने उघडी पडतात, कंपनीची सारी पालथी. कंपनीच्या कॅटमध्ये ‘अजेंडा’ नावाची पाने असतात. ती पालथी मांडायची, त्यांच्यावर एकेक खेळी व एकेक क्रेडिट खर्चून खुणेची सोंगटी ठेवायची आणि ठराविक सोंगट्या झाल्या की उघडून गुण घ्यायचे. सात गुणांना डाव. रनरने मधेच येऊन ते पान उलटले तर गुण त्याचे. पण पालथे पान अजेंडाच असेल कशावरून? तो सापळाही असू शकतो. आणि रनरचे प्राण म्हणजे त्याच्या हातातली पाने : जितकी इजा, तितकी पाने हातातून न बघता टाकायची, इजा पानांहून जास्त झाली की खेळ खलास.

एक उदाहरण घेऊ. ‘ऑफवर्ल्ड ऑफिस’ हा चार सोंगट्यांचा, दोन गुणांचा अजेंडा आहे. ‘अर्टिका सायफर’ हा सापळा आहे. मांडलेला असताना तो उलटला तर दोन इजा, आणि त्यावरच्या प्रत्येक सोंगटीमागे आणखी एक. कंपनीला एका पाळीत तीन खेळ्या मिळतात. पान मांडले, एक सोंगटी, दुसरी सोंगटी, पाळी संपली. ते ऑफिस असेल तर पुढच्या पाळीत आणखी दोन सोंगट्या ठेवून गुण घेता येतील. अर्टिका असेल तर तिला हात लावणाऱ्याला चार इजा. दोन्हींत खेळ्या तीन, खर्च दोन क्रेडिट, आणि टेबलावर दिसते तेही अगदी तेच. हातात तीन पाने घेऊन रनर धावला आणि ती अर्टिका निघाली तर तो मेला. न धावला आणि ते ऑफिस निघाले तर दोन गुण गेले.

यात कुठे आहे चेहरा? कंपनीवाल्याने डोळे मिटून घ्यावेत, तोंडावर टॉवेल टाकावा. रनरपुढचा पेच तसूभरही कमी होत नाही. हूल त्या दोन पानांच्या सारखेपणात आहे, आणि तो सारखेपणा आदल्या रात्री कॅट बांधताना ठरलेला आहे.  गुगलीची मातबरी ह्याहून वेगळी कशात आहे? सुभाष गुप्ते लेगब्रेक आणि गुगली जवळजवळ एकाच हाताने टाकत, ही त्यांची विद्या. फलंदाजाकडे पाहून भोळा चेहरा केल्याने काही त्यांना बळी मिळाले नाहीत. आणि गुगली टाकली म्हणून कोणा पालकाने चिठ्ठी पाठवल्याचेही माझ्या ऐकिवात नाही.

चेहऱ्याच्या सिद्धान्ताचा निकाल तर 2017 सालीच लागला. पिट्सबर्ग येथे लिब्रेटस नावाच्या संगणकाने पोकरच्या चार व्यवसायी खेळाडूंना एक लाख वीस हजार डावांच्या सामन्यात हरवले. यंत्र खेळताना हूल देत होते. त्याला ना भुवया होत्या ना घाम.

त्याच्याही पुष्कळ आधी, 1950 साली, हॅरॉल्ड कून ह्या गणितज्ञाने अवघ्या तीन पानांचा पोकर मांडून दाखवला होता. राजा, राणी, गुलाम समजा. दोघांना एकेक पान, डावात एकेक नाणे, वाढवायचे तर आणखी एकच. पहिला गप्प बसला तर दुसऱ्याने काय करावे? हातात राजा असेल तर नेहमी वाढवावे. गुलाम असेल तर तीनदांतून एकदा. आणि राणी असेल तर कधीही वाढवू नये. राणीवर वाढवून साधते काय? समोर गुलाम असेल तर तो पळतो, पण त्याच्याशी ती तशीही जिंकलीच असती. समोर राजा असेल तर तो पळत नाही, उलट जास्तीचे नाणे घेऊन जातो. म्हणजे हूल देण्याचा अधिकार सर्वांत टाकाऊ पानाला, आणि तोही मोजून मापून. मध्यम पानाने निमूट आपले काम करावे. ही गोष्ट ज्याला पटली त्याला हूल म्हणजे लहर, धाडस, मर्दुमकी वगैरे बोलण्याचा कंटाळा येऊ लागतो.

आता वळतो त्या जाणकारांकडे. हुलीचा कॅट बांधायचा म्हटला की ह्यांचा पहिला उत्साह सापळे गोळा करण्याचा. दिसेल तो सापळा, प्रत्येकाच्या नियमाप्रमाणे तीन-तीन प्रती. पंधरा-अठरा सापळे झाले की हे खूश. मग चार डाव हरतात आणि येऊन सांगतात की हुलीचे कॅट नवशिक्यांना हरवण्यापुरते ठीक, स्पर्धेत त्यांचा उपयोग नाही. हे म्हणजे आमटीत मूठभर हिंग घालून हिंगालाच नावे ठेवण्यासारखे झाले.

हिशेब करून पाहावा. कंपनीचा कॅट पंचेचाळीस पानांचा असेल तर त्यात वीस किंवा एकवीस गुणांचे अजेंडा असलेच पाहिजेत, हा नियम आहे. दोन-दोन गुणांचे धरले तरी दहा पाने गेली. राखणीची पाने, ज्यांना आइस म्हणतात, ती पंधराएक हवीत. पैसा देणारी दहा तरी हवीत. सोंगट्या झटपट चढवणारी वगैरे चार. उरली सहा. सापळ्यांना जागा आहे ती एवढीच : तीन अर्टिका, तीन ‘स्नेअर’. पण हे सहा सापळे जिवंत ठेवतात ती बाकीची एकोणचाळीस पाने. समोरच्याच्या मनात भीती उत्पन्न करायला सापळा लागतो हे खरे. पण ती भीती किफायतशीर ठरते ती खऱ्या पानांमुळे. प्रत्येक पालथे पान सापळाच असेल तर रनर कशाला धावेल? तो स्वस्थ बसेल, पैसा साठवील आणि कंपनीच्या हातावर व पिसलेल्या गड्डीवर धाड घालील, कारण ह्या खेळात त्यांच्यावरही धाड घालता येते. अजेंडा तिथे कुजत पडलेले असतातच.

स्नेअरची गोष्ट तर ह्या लोकांना शंभरदा समजावून सांगावी लागेल. हा सापळा मांडावाही लागत नाही. हातात किंवा गड्डीत असतानाही तो डसतो : तीन इजा, शिवाय रनरचा माग लागल्याची खूण. पण डसण्याच्या वेळी कंपनीला चार क्रेडिट मोजावे लागतात. कंपनीजवळ तीनच असतील तर रनर बेलाशक येतो; समोर स्नेअर असला तरी तो मेलेला साप. म्हणजे हुलीचा कॅट खेळणाऱ्याने चार क्रेडिट सदैव गाठीशी ठेवले पाहिजेत. हातात स्नेअर असताना तर पाहिजेतच, पण एकही स्नेअर नसतानाही पाहिजेत. ज्या पाळीला तो चारांखाली उतरला त्या पाळीला त्याने तोंडाने सांगितले की आज घरात काही नाही. पैशाची पाने कमी करून सापळे वाढवणारा हेच करतो. त्याच्याकडे सहाऐवजी अठरा साप असतात आणि एकातही विष नसते. व्यापारी पेठेत पत म्हणतात ती हीच. ज्याची तिजोरी रिकामी असल्याचे गावाला ठाऊक आहे त्याच्या गंभीर चेहऱ्याला कोण विचारतो?

दुसरी खोड राखणीची. नवखा कंपनीवाला खरा अजेंडा दोन आइसमागे ठेवतो आणि सापळा उघड्यावर. तीन पाळ्यांत रनरला हे पाठ होते. म्हणून हुलीच्या कॅटमधले अजेंडाच असे निवडावे लागतात की ते प्रसंगी उघड्यावर सोडून देण्याची छाती व्हावी. दोन गुणांचा अजेंडा गेला तर रनरला सातापर्यंत जायला तसे चार चोरावे लागतील. तीन गुणांचे असते तर तीनांतच कारभार आटोपतो. ‘जिंटेकी’ नावाची एक कंपनी ह्या विद्येसाठी प्रसिद्ध आहे. 2012 च्या आवृत्तीत तिचे ‘पर्सनल इव्होल्यूशन’ म्हणून एक ओळखपत्र होते. त्याचा गुण असा की कोणताही अजेंडा गुणांत गेला किंवा चोरला गेला की रनरला एक इजा. म्हणजे सापळा नसलेले, अगदी खरे पानसुद्धा चोराला ओरबाडल्याशिवाय जात नाही. ह्या एका वाक्यावर त्या काळी लोकांनी काय काय कॅट बांधले! कुठेच मोठा घाव नाही, नुसते ओरखडे. पण पाचांतले एकेक पान हातातून गळत जाते आणि मग चौथ्या धाडीला जो सापळा एरवी सोसला असता तो प्राण घेतो.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे ओळखपत्र डावाच्या आरंभापासून टेबलावर उघडे असते. कंपनी सुरुवातीलाच पाटी लावते : येथे इजा होते. खोटे बोलण्याचे शिक्षण म्हणणाऱ्यांनी सांगावे, दारावर अशी पाटी लावून खोटे बोलणारा कोणता भामटा त्यांनी पाहिला आहे?

सोंगटी नसलेल्या पालथ्या पानाचीही गंमत आहे. तो स्नेअर असू शकतो. संथपणे पैसे देणारे पान असू शकते. किंवा ऑफवर्ल्ड ऑफिसही असू शकते. कारण ‘सीमलेस लाँच’ नावाचे एक पान आधीच मांडलेल्या पानावर एका खेळीत दोन सोंगट्या चढवते, उरलेल्या दोन खेळ्यांत दोन, आणि एकाच पाळीत चारांची भरती होते. ह्या तिघांची संख्या कॅटमध्ये तोलून ठेवणे हेच बांधणीचे काम. आणि रनर धावलाच नाही तरी हूल फुकट जात नाही, हे तर लोकांच्या ध्यानातच येत नाही. चार इजा सोसता याव्यात म्हणून तो हात भरून घेत बसतो; पाळीच्या चार खेळ्यांपैकी दोन पाने ओढण्यात गेल्या. त्याने भीतीपोटी खर्चलेल्या ह्या खेळ्या कंपनीच्या खात्यात जमा. सापळा एकदाही न उलटता जिंकलेले डाव मी पाहिले आहेत, आणि हूल पाहायची तर ती अशाच डावांत.

जाणकारांचा शेवटचा आक्षेप त्यांना फार जड वाटतो : स्पर्धेत कॅटची यादी समोरच्याला कळली की हूल संपली. हा आक्षेप मला उलट आवडतो, कारण तो थाप आणि हूल वेगळी करून दाखवतो. पंचेचाळीस पानांची यादी रनरच्या हाती द्या. तीन अर्टिका, तीन स्नेअर, तीन ऑफिस. सगळे त्याने वाचावे. मग दोन सोंगट्यांचे पालथे पान त्याच्यापुढे ठेवा. यादीने त्याला काय सांगितले? तीनास तीन. जे त्याला आधी अंदाजाने वाटत होते ते आता आकड्यांनिशी कळले, एवढेच; धावावे की नाही हा प्रश्न जागच्या जागी आहे. यादी कळल्यावर ज्याचा कॅट कोसळतो त्याच्याजवळ हूल नव्हतीच, त्याच्याजवळ एक गुपित होते. गुपित फुटले की थापेसारखेच निकामी होते. मी कादंबऱ्या लिहितो. खुनी कोण हे शेजाऱ्याने सांगितले म्हणून जी रहस्यकथा टाकून द्यावी लागते ती लिहायलाच नको होती, असे माझे मत आहे, आणि त्यापायी माझ्या काही व्यवसायबंधूंनी माझ्याशी बोलणे सोडले आहे.

तेव्हा त्या पालकांना माझे सांगणे : तुमच्या मुलाने सहा सापळ्यांसाठी एकोणचाळीस खरी पाने निवडली, ती का निवडली ह्याचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडला, आणि हातात काही नसतानाही चार क्रेडिट खर्चायचा मोह टाळला. ह्यात खोटे कुठे बोलला ते मला दाखवा. आणि जाणकारांना सांगणे असे की आधी आपल्या कॅटमधून बारा सापळे काढा, त्या जागी पैशाची पाने घाला, ऑफिस दोन पाळ्या उघड्यावर टाकून पाहा. आणि मग या, हुलीचे कॅट कुठे चालतात आणि कुठे चालत नाहीत ह्यावर बोलू. कपाटाची किल्ली मिळाली तर पाने माझ्याकडे आहेतच. न मिळाली तर पुन्हा छापू, कागदाला कितीसे पडतात.